एका कलईवाल्याची नाणी

माणसाच्या हातून जगात जे काही थोर घडलं ते प्रेमापोटी नाही, सुडापोटी घडलं. प्रेमाने माणूस फार तर संसार करतो. सुडाने तो किल्ले घेतो, टाकसाळी घालतो आणि नाण्यावर स्वतःचं नाव पाडतो, म्हणजे हरलेल्यालाही भाजी घेताना ते रोज हातात धरावं लागतं. हा विचार सैफुद्दीनचाचांच्या मनात मंगरूळपीर-वाशीम गाडीत, खिडकीच्या सीटवर, इतका घोटीव आणि पुरा होऊन आला की आपण जन्मभर उगाच कलई करत बसलो, असं त्यांना वाटून गेलं. तेवढ्यात कंडक्टर तिकिटाची मशीन घेऊन डोक्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "आधार कार्ड काढा चाचा. अर्धी लागते तुमाले." सूड घ्यायला निघालेल्या माणसाने अर्ध्या तिकिटावर जाऊ नये, हे चाचांना कळत होतं. पण पुरं तिकीट काढण्याइतका सूड अजून पेटला नव्हता. त्यांनी कार्ड काढलं. "आन डब्यात काय हाये? लय जड दिसून राह्यला." "चकल्या," चाचा म्हणाले. "लोखंडाच्या हायेत काय?" असं म्हणून कंडक्टर मागच्या बाईकडे वळला. पहिली चकमक चाचा अशी हरले.

झालं होतं एवढंच, की मागच्या शुक्रवारी तूबाने एक रील पाठवली होती. तूबा त्यांची नात, अकोल्याला होस्टेलात राहून बी.एस्सी. करणारी. ती दिवसाआड काही ना काही पाठवायची: मांजरी, बिर्याणी, गुडघ्यांचे व्यायाम सांगणारे एक हसतमुख डॉक्टर. चाचा नमाजाहून येऊन ओट्यावर चहा घेत बसले होते, आणि त्या हाताएवढ्या काचेत एकाएकी हरीओम उगवला. वाशीमच्या भांडेवाल्याचा हरीओम, आता जुनी नाणी विकणारा. केसांना रंग, अंगात जाकीट, पाठीमागे काचेची कपाटं, आणि चिमटीत एक काळाहिरवा तांब्याचा पैसा. "दोस्तांनो, हा एलिचपूर टाकसाळीचा पैसा. आपल्या वऱ्हाडाचा इतिहास हाये हा. आन हा मले कसा भेटला मालूम हाये काय? मंगरूळच्या एका कलईवाल्यानं एका कट चहावर देऊन टाकला. त्याले काय मालूम, हातात काय हाये!" मग तो हसला. त्याच्या हसण्याखाली हजारो लोकांनी हसरे चेहरे चिकटवले होते. आणि त्या सगळ्यांच्या खाली तूबाचा आवाज, हसून हसून मोडलेला: "दादाजान, आपल्या मंगरूळचा हाये म्हनते! कोन असन हो हा येडा कलईवाला? तुमच्या वळखीचा हाये काय?" चाचांनी फोन मांडीवर उपडा ठेवला. चहावर साय धरेपर्यंत ते समोरच्या खांबाकडे पाहत राहिले. मग फोन उचलून त्यांनी उत्तर दिलं, "लय जन होते बेटा तवा." खरं तर तेव्हा मंगरुळात कलईवाले दोनच होते. त्यातला दुसरा म्हणजे चाचांचे अब्बा, आणि ते त्या चहाच्या दोन वर्षं आधी वारले होते.

गाडी तुरीच्या शेतांमधून चालली होती. तूर फुलावर होती आणि वाऱ्याने पिवळं इकडून तिकडे कलंडत होतं, भट्टीतल्या जाळासारखं. चाचांनी डबा पोटाशी धरला. आत नाणी कापडात गुंडाळलेली होती, तरी प्रत्येक खड्ड्याला आतून एक दबका आवाज यायचा, माणसं दाराआड हसतात तसा. पैसा गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं. तसं पाहिलं तर 'त्याले काय मालूम' हेही त्यांनी सोसलं असतं. त्यांना फार गोष्टी मालूम नाहीत हे त्यांची बायको हुस्नाबानो गेली पन्नास वर्षं सांगतच होती. पण 'एका' हा शब्द. एका कलईवाल्यानं. भाजीतला एक बटाटा. हरीओमला नाव आठवत नव्हतं असं नाही. नाव घेतलं असतं तर गोष्टीत माणूस आला असता, आणि माणूस आला की हसू थोडं कमी येतं. चांगली कलईसुद्धा अशीच असते, थर जितका पातळ तितकी चमक जास्त. हरीओमने त्यांचा थर पार पातळ केला होता. आणि त्या चमकीत तूबाला आपल्या दादाजानचं तोंड दिसलं नाही, एक येडा दिसला. सहा रात्री चाचा कूस बदलत होते. सातव्या दिवशी त्यांनी ठरवलं, सगळी नाणी विकायची. त्यालाच विकायची. वाजवी भावाने, त्याच्या तोंडून भाव वदवून, त्याच्याच फोनसमोर. मग ती रील तूबाला जाईल आणि तिला कळेल की येडा कोण होता.

नाणी त्यांनी कधी जमवली नव्हती. ती त्यांच्याकडे राहत गेली होती. कलईचा धंदा अंगणात चालायचा. जमिनीत खळगा खणून भट्टी करायची, भाता लावायचा, पातेलं लालबुंद होईपर्यंत फिरवायचं, मग नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा एक लोट, कथलाची कांडी जराशी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन एक फेर. एवढ्यात काळं भांडं चंद्र होऊन जायचं. बायापोरं श्वास धरून पाहायची, आणि नंतर बाई पदराची गाठ सोडायची. गाठीत कधी असायचं, कधी नसायचं. नसलं की ती घरात जाऊन देव्हाऱ्यामागून, उतरंडीच्या तळातून काहीतरी आणायची: भोकाचा पैसा, झिजलेला राणीछाप, हैदराबादेकडचा चारमिनारवाला, कुणी नांगराच्या फाळाला लागलेला तांब्याचा गोळा. "चालते का भाऊ हे?" चालत नसायचं. चाचा "चालते" म्हणायचे आणि कमरेच्या पिशवीत टाकायचे. त्या बाईचा चेहरा त्या वेळी पातेल्यापेक्षा जास्त उजळायचा. हुस्नाबानो संध्याकाळी पिशवी उलटी करायची आणि म्हणायची, "आज बी औरंगजेबानंच मजुरी देल्ली वाटते." आणि नाणी डब्यात जायची.

मग स्टीलच्या भांड्यांची जीप आली. हरीओमच्या बापाचं वाशीमला भांड्यांचं दुकान होतं, आणि हरीओम नवी मिशी घेऊन त्या जीपमध्ये भोंग्याशी बसायचा: जुनं पितळ द्या, नवं स्टील घ्या. ज्या पातेल्यांना चाचांनी आणि अब्बांनी आणि अब्बांच्या अब्बांनी पोटच्या लेकराच्या पोटावरून हात फिरवावा तसा हात फिरवला होता, ती पातेली तराजूत पडायची. त्यांचे आवाज चाचांना अजून कानात येत. तांब्याचा हंडा वेगळा वाजतो, पितळेची परात वेगळी. गाव मोडीत निघालं तरी त्यातून सूर निघत होते. दोन दिवाळ्यांत भट्टी विझली. अशाच एका उतरत्या दुपारी बसस्टँडच्या टपरीपाशी हरीओमने त्यांच्या पिशवीत डोकावून तो पैसा उचलला होता. "हा मले द्या चाचा." पुढे चहा आला. चहा पाणचट होता, अद्रक नव्हतं. हे चाचांना स्पष्ट आठवत होतं. काय बोलणं झालं ते मात्र आठवायला गेलं की चहाची वाफ आडवी यायची. आपण त्या वेळी हसलो होतो काय, असा एक संशय त्यांना मध्येच चावून जाई. ते लगेच दुसरीकडे पाहत. सूड घेणाऱ्याने आपल्या हसण्याचा हिशेब करायचा नसतो.

काल दुपारभर त्यांनी तयारी केली होती. हत्यारं म्हणजे चिंच, मीठ, गाळलेली राख, कापूस. जिथे अगदीच चिकट होतं तिथे तेजाबाचा एक थेंब. इतक्या वर्षांनी हात पुन्हा धंद्याला लागले आणि धंदा हातांना विसरला नव्हता. एकेक नाणं अंगठ्याखाली फिरायचं, त्यावरचा काळा, हिरवा, मातकट थर कोळात उतरायचा, आणि खालून तांबूस कांती यायची, न्हाणीतून निघालेल्या नवरीसारखी. चाचा गुणगुणत होते. एकेका नाण्याबरोबर हरीओमचं एकेक वाक्य ते घासून काढत होते: त्याले, काय, मालूम. हुस्नाबानो तांदूळ निवडत दारात बसली होती.

"कायले इतके घासून राह्यले? निकाह लावता काय पैशायचा?"

"त्याचे डोळे दिपले पाह्यजेत."

"कोनाचे?"

"हाये एक."

"मंग तुमचेच दिपले असन आतापावतर. हे पाहा, थे बाजूचं भोकाचं राह्यलं. आन चिंच सारी सरवू नका, उद्याच्या आमटीले लागते."

त्यांनी भोकाचं घेतलं. भोकाच्या आतली कडसुद्धा काडीला कापूस लावून घासली. संध्याकाळी सगळी नाणी पांढऱ्या चादरीवर मांडली तेव्हा खोलीत दिवा लावायची गरज नव्हती. हुस्नाबानोसुद्धा गप्प झाली, आणि ती गप्प होणं ही त्या घरात दुर्मिळ गोष्ट होती. तिचाच काही भाव निघाला असता. तिने एक राणीछाप उचलून गालाला लावला, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि परत ठेवला. "इकू नका ना," ती म्हणाली. मग लगेच, "नाहीतर इका. काय करा लागते." चाचांना रात्री सात दिवसांत पहिल्यांदा झोप लागली. स्वप्नात हरीओम आंधळा होऊन वाशीमच्या चौकात रस्ता विचारत फिरत होता आणि लोक त्याला मुद्दाम मालेगावचा रस्ता सांगत होते.

दुकानाचं नाव 'प्राचीन वैभव'. काचेचा दरवाजा इतका जड, की वैभवात शिरायलाच माणसाची ताकद संपावी. आत थंडगार हवा होती आणि चाचांच्या गुडघ्यांनी तिची लगेच नोंद घेतली. हरीओम एकटाच काउंटरमागे बसला होता. रीलमध्ये दिसला त्यापेक्षा तो म्हातारा होता. रंग केसांना होता, कानांतल्या केसांना लावायचा राहिला होता. चाचांनी बसमध्ये पहिलं वाक्य घोकलं होतं: वळखलं काय शेटजी? पण हरीओम त्यांना पाहताच उठला, काउंटरला वळसा घालून आला आणि त्याने चाचांचे दोन्ही हात हातात घेतले. "अरे सैफुद्दीनचाचा! या, या. मी परवाच तुमची याद केली." चाचांचं घोकलेलं वाक्य वाया गेलं. शत्रूने ओळख दाखवावी, हात धरावा, खुर्ची सरकवावी, याहून मोठा दगाबाजपणा नाही. "पाह्यली म्या तुही याद," ते म्हणाले. "नातीनं देखाडली."

हरीओमचा चेहरा जरासा हलला. "थे… थे तर असंच चाचा. लोकायले किस्सा लागते. नुसत्या नाण्याले कोनी पाहत नाही."

"किस्सा," चाचा म्हणाले. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला. तो काचेवर टेकला तेव्हा भारी आवाज झाला आणि त्या आवाजाने त्यांना धीर आला. "बाकीचा किस्सा आनला हाये. भाव बोल. वाजवी बोल. आन थो फोन चालू करून बोल."

हरीओमची नजर डब्यावर गेली आणि तिथेच राहिली. चाचांनी आयुष्यात पुष्कळ भुकेली माणसं पाहिली होती. ही भूक त्यांना नवीन होती. "सारे हायेत? थे पिशवीतले सारे? चाचा, मी तीस वर्सं झाले वाट पाहून राह्यलो. चार बारी मंगरूळले आलो, तुमच्या गल्लीच्या तोंडापासून वापस गेलो. कोन्या तोंडानं मांगू?" तो हातमोजे शोधू लागला. बारीक पांढरे हातमोजे, नवरदेवाच्या करवल्याने घालावेत तसे. भिंग काढलं, मखमलीचं तबक काढलं, दिव्याची मान वाकवली. चाचांनी झाकण उघडलं, कापडाची गाठ सोडली आणि सगळी नाणी एका झटक्यात तबकात ओतली.

दुकान उजळलं. दिव्याचा प्रकाश तबकावर पडून छतावर गेला आणि तिथे तांबूस ठिपके थरथरू लागले.  हरीओमने एक नाणं उचललं, भिंगाखाली धरलं, ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं त्याने दिव्याच्या अगदी जवळ नेलं. चाचा खुर्चीत मागे टेकले. हाच तो क्षण. गल्लीत थुंकताना जसा सगळा घसा गोळा होतो तसा त्यांच्या आत सगळा आनंद गोळा झाला. पाह्य, लेका. तुही जीप पाह्य, तुहा भोंगा पाह्य, तुहं जाकीट पाह्य, आन हे पाह्य. हरीओमच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.  त्याचे डोळे खरोखरच दिपले असावेत, कारण ते भरून आले. चाचांनी मनातल्या मनात भाव दुप्पट केला. मग हरीओमच्या तोंडाकडे पाहून तो आणखी थोडा वाढवला. एवढं रडणाऱ्या माणसाकडून थोडं जास्त घेतलं तर अल्ला विचारणार नाही.

"चाचा," हरीओम म्हणाला.  "कोनं घासले हे?"

"म्या," चाचा म्हणाले. "सारे. भोकाच्या आतून बी."

हरीओम खुर्चीवर बसला. त्याने हातमोजे काढून ठेवले, मयतीहून आलेला माणूस चपला काढतो तसे. "कायनं?" "चिंच, राख. तेजाब कुठी कुठी." "तेजाब," हरीओम म्हणाला, आणि एक हात छातीवर ठेवला. "चाचा, याच्यावर थो काळा थर होता ना… हिरवा… थोच भाव होता. अडीचशे-तीनशे वर्सं लागते थो धराले. थर गेला की नुसतं तांबं राह्यते. घासलेलं नानं कोनी घेत नाही. यादगार म्हनूनही घेत नाही. अक्षर बी उडालं पाहा याच्यावरचं… हा काल जसा होता तसा आनला असता ना, नुसता हा एक, तं मी माही गाडी इकून देल्ली असती तुमाले."

चाचांनी त्याच्याकडे मान तिरपी करून पाहिलं. व्यापारी भाव पाडण्यासाठी काय काय बोलतो हे त्यांना माहीत होतं. बैलाच्या बाजारात शिंगं वाकडी आहेत म्हणून भाव पाडतात, तुरीच्या बाजारात ओल आहे म्हणून. पण माल फार स्वच्छ आहे म्हणून भाव पाडणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला. "असं," ते म्हणाले. "म्हन्जे मळक्याले किंमत, आन उजयल्याले नाही. हे कोन्या मुलखात?" "साऱ्या मुलखात चाचा." "मंग लोकं भांडे कायले घासतात?" हरीओमने भिंग बाजूला ठेवलं. तो उठला, मागच्या भिंतीवरची चौकट काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. रीलमधला पैसा. काळा, हिरवा, कडेला मातीची रेघ. त्यावर धुराचा एक तेलकट डाग होता, आणि तो डाग चाचांनी ओळखला. तो त्यांच्या पिशवीचा होता, त्यांच्या अंगठ्याचा होता, विझलेल्या भट्टीचा होता. इतकी वर्षं या माणसाने तो पुसलाही नव्हता. चाचांनी चौकट उचलून तबकाशेजारी ठेवली. तबकात त्यांची नाणी लखलखत होती, सगळी एकसारखी. कोणती कोणत्या पदरातून आली होती ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि तरी, या सगळ्या नुकसानीच्या अगदी तळाशी, त्यांना काहीतरी गोड लागलं. त्यांनी हरीओमकडे नीट पाहिलं. तो खरंच रडत होता; हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत होता आणि पुन्हा एखादं नाणं उचलून पुन्हा ठेवत होता, घर जळाल्यावर माणूस राखेतून वाटी उचलतो तसा. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते चाचांनी एका दुपारी चिंचेच्या कोळात सोडून दिलं होतं. ठरवून करायला गेले असते तर इतका मोठा घाव त्यांच्या हातून झाला नसता. गावाचं पितळ तू मोडीत नेलं, तुझं तांबं मी धुऊन टाकलं. फिट्टमफाट. त्यांना हे मोठ्याने म्हणावंसं वाटलं, पण त्यात एक अडचण होती. या फिटण्याचा खर्च सगळा त्यांच्याच डब्यातून झाला होता.

"तुले तवा मालूम होतं ना," ते एकाएकी म्हणाले, "थो पैसा काय हाये थे? चहा पाजला तवा?"

"मले कायचं मालूम? मले आवडला म्हनून मांगला. मी तं पैसे देत होतो चाचा. तुमी घेतले नाही." हरीओमने नाक ओढलं. "तुमी हसले. म्हने, अरे येड्या, पैशाचे पैसे कोन घेते? चहा पाज."

वाफ बाजूला झाली. टपरी, जीप, उन्हातला भोंगा, आणि स्वतःचंच हसणं, मोकळं, तोंडात सगळे दात असलेलं. चाचांना ते नको होतं. आठवण खरी निघाली तर सूड उघडा पडतो, आणि या वयात उघड्यावर बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी ती आठवण आलेल्या पावली परत पाठवली. "चहात अद्रक नोतं," ते कडक आवाजात म्हणाले.

"नसन," हरीओम म्हणाला.

मग तो पुढे वाकला. "चाचा, मी असं करतो. थर होता असं समजून भाव देतो. पुरा नाही जमनार, आधा देतो. माह्याकडून चूक झाली थे नाव न घ्यायची, थे बी त्याच्यात आलं." चाचांनी हात वर केला. दया ते ओळखत होते. कथलासारखी असते, लवकर वितळते आणि वरवर बसते. "भीक मांगाले नाही आलो. वाजवी बोल म्हटलं ना? आता याचा वाजवी भाव काय?" हरीओम तबकातली नाणी सारखी करू लागला. "बोल. तुह्या तोंडानं बोल." "तांब्याचं वजन," हरीओम म्हणाला, इतक्या हळू की एसीचा आवाज मोठा वाटला. "चांदीचे हायेत त्याईले चांदीचं." "मंग काटा काढ." "चाचा, नका ना." "काढ म्हनतो ना. तुह्या बापाच्या दुकानात काटा नोता काय?"

काटा आता विजेवर चालणारा होता, हिरवे आकडे दाखवणारा. हरीओमने नाणी एकेक करून, आवाज होऊ न देता, त्यावर ठेवली. चाचांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. ते हरीओमच्या हातांकडे पाहत होते. जे आलं ते त्यांनी खिशात घातलं. त्यात हुस्नाबानोच्या महिन्याभराच्या चिंचेची सोय झाली असती. "हे झालं तांब्याचं," ते म्हणाले. "आता कलईवाल्याचं. फोन काढ. तुहं काम नाही बोलाचं. मी बोलतो, अन् तू टाकतो. तेवढ्याच लोकायले, जेवढ्याईनं हासलं." हरीओमने मान हलवली. चौकट छातीशी धरायला दिली, फोन उभा केला, एक बोट उचललं. "बोला चाचा. काय बी बोला. मी एक शब्द काटत नाही."

आणि चाचा बोलले. सात दिवस जे पाठीखाली रुतत होतं ते सगळं उठून उभं राहिलं. "मी सैफुद्दीन. मंगरूळपीरचा कलईवाला. एक कलईवाला नाही, सैफुद्दीन. हा पैसा या हरीओमले म्या देल्ला. या हरीओमनं जीप घेऊन आमच्या गावचं पितळ नेलं, गावच्या बायायले वजनात बोलाले शिकवलं, अन् माही भट्टी इझवली. मले किंमत मालूम नोती. पन कोन्या बाईनं हा देल्ला, तिच्या पातेल्याले बूड कसं होतं, थे मले मालूम होतं. थे याले मालूम नाही. याले काळा थर मालूम हाये. अन् बाकीच्या नान्यायवरचा थो थर मी काल धुऊन टाकला. सारा. तीनशे वर्सायचा. हा रडला. ज्याईले हासाचं असन त्याईनं आता हासा." ते थांबले. दुकानात कोणी नव्हतं, पण त्यांना वाटलं, वाशीम, मंगरूळ, कारंजा, सगळं श्वास धरून बसलं आहे, आणि तिकडे अकोल्याला होस्टेलच्या खाटेवर तूबा उठून बसली आहे.  

हरीओमने फोन खाली घेतला. त्याचे डोळे अजून लाल होते. "टाकू काय चाचा?" तो म्हणाला. "जसं हाये तसं?"

"आंदी मले देखाड."

हरीओमने फोन त्यांच्या हातात दिला. चाचांनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. आपलं सगळं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत, एकदाही पापणी न हलवता पाहिलं. मग फोन परत देत, इकडेतिकडे बघत, आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "बाप्पा, पुन्यांदा घेता येते काय? टोपी वाकडी दिसून राह्यली."